अळ्या तारीख बघून उठत नाहीत

मी इंजिनिअर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मंठ्यात कुणी ना कुणी तोंड वाकडं करून विचारतंच, "कोणत्या कॉलेजात शिकलीस गं वंदना?" कोणत्याच नाही. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं, घरात बसून फोनवर व्हिडिओ पाहत पाहत कोड लिहायला शिकले. पहिल्या वर्षात मी जेवढं चुकले तेवढं कॉलेजवाल्यांना कुणी चुकूही देत नाही. ज्यांना माझ्या पदवीची काळजी आहे त्यांनी घरी जाऊन आपल्या पोरांना विचारावं, तुमच्या पदवीचं काय केलंत म्हणून.

माझं काम असं. मंठ्याच्या बाहेर सोमेश्वरकाकांचं चॉकी सेंटर आहे. चॉकी म्हणजे रेशमाच्या अळ्यांची अंगणवाडी समजा. अंड्यातून निघालेल्या, दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या अळ्या तिथं आठ-नऊ दिवस सांभाळतात. दोनदा कात टाकून झाली की त्या शेतकऱ्याच्या शेडवर जातात. पुढचे बावीस दिवस शेतकऱ्याचे. सकाळ-संध्याकाळ तुतीच्या फांद्या टाका, अळ्या कात टाकायला बसल्या की पाला बंद करा, वरून चुना भुरभुरा, उठल्या की औषधाची पावडर मारा, पुन्हा पाला. शेवटी चंद्रिका अंथरा, म्हणजे ती जाळी जिच्यावर अळी कोष विणते. यातलं एक काम हुकलं की बावीस दिवसांची माती.

आणि लोक हुकायचेच. कुणाकडं पाहुणे, कुणाकडं तेरावं, कुणाचा क्रिकेटचा सामना. काका अडतीस घरांना रोज फोन करायचे. घसा बसला की हळद-दूध प्यायचे आणि पुन्हा फोन करायचे.

मी त्यांना वेब ॲप करून दिलं. पानावर घर निवडायचं, अळ्या दिल्याची तारीख टाकायची, बटण दाबायचं. बाकीचं कोड करतो. त्या घरच्या फोनमधल्या कॅलेंडरात बावीस दिवसांच्या नोंदी आपोआप पडतात आणि वेळ झाली की फोन वाजतो. त्यासाठी अडतीस घरं मी स्कूटीवर फिरले आणि प्रत्येक फोनवर स्वतःच्या बोटानं 'परवानगी द्या' दाबलं. पहिल्याच बॅचला सकाळी सहाचा पाला साडेअकराला वाजला. मी वेळ जगाच्या घड्याळात लिहिली होती. आपण त्याच्या साडेपाच तास पुढं आहोत हे कोडला सांगायचं राहून गेलं. काका म्हणाले, "तुझ्या अळ्या साहेब लोकांच्या दिसतात. साडेअकराला उठून नाष्टा करून राह्यल्यात." ते दुरुस्त केलं. पावसाळाभर सगळं बराबर चाललं. एका कार्यक्रमात एका साहेबानं काकांना हार घातला आणि माझं नाव घ्यायला विसरला. घ्यायचं नव्हतं म्हणून विसरला, असं माझं मत आहे.

मग दिवाळीच्या सुमाराला मला राग आला. एका घरानं कॅलेंडरातल्या सगळ्या नोंदी खोडल्या, कुटुंबकबिल्यासकट चार दिवस जांबला देवाला गेले, इकडं अळ्या उपाशी मेल्या. परत आल्यावर बोंब काय मारली, तर सेंटरनं रोगट अळ्या दिल्या! त्या दिवशी मी कोडमध्ये एक अट घातली. रोज सकाळी सात वाजता कोड प्रत्येक घराचं कॅलेंडर तपासणार. नोंद खोडलेली दिसली की परत टाकणार आणि पानावर त्या घरापुढं एक लाल खूण करणार. तिसऱ्या लाल खुणेला नोंदी टाकणं बंद, आणि पुढच्या बॅचच्या यादीतून ते नाव खाली, वाट पाहणाऱ्यांतलं पहिलं नाव वर. ही अट काकांनी मागितली नव्हती. मीच घातली आणि मीच जाऊन सांगितली, "काका, आता कोणाची गय न्हाई." त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

डिसेंबरच्या नऊ तारखेला ती अट खैरुनबीला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. "अगं, खैरुनबी गेली यादीतून. जानेवारीच्या बॅचला कल्याणचा नंबर लागला."

कल्याण म्हणजे काकांचा मेहुणा.

"मी काही केलं न्हाई बरं का," काका लगेच म्हणाले. "तुझ्या मशीननं केलं. मी आपलं सकाळी पान उघडलं, तर खाली!"

मी पान उघडलं. सहा तारखेला अकरा घरांना अळ्या दिल्या होत्या. खैरुनबीपुढं सात, आठ, नऊ अशा ओळीनं तीन लाल खुणा. तीन दिवसांत तीन! बाकी दहा घरं कोरी. मला वाईट वाटलं आणि रागही आला. त्या बाईनं तिच्या गावात सगळ्यांच्या आधी तुती लावली होती, लोक हसत होते तेव्हा. तिची एकही बॅच कधी वाया गेली नव्हती. असल्या बाईनं माझं काम तीनदा पुसून टाकावं? आणि जानेवारीसाठी तिनं पलीकडच्या तुकड्यातली तुती छाटून ठेवली होती, हे मला माहीत होतं. तुती छाटली की पाला आपल्या हिशेबानं फुटतो. पाला तयार झाला आणि अळ्या आल्या नाहीत तर तो जून होतो, शेळ्यांपुढं टाकावा लागतो, आणि शेड दोन महिने रिकामं राहतं. खैरुनबीचं घर त्या शेडवर चालतं.

स्कूटी काढली. तिला दोन शब्द सुनवायचे, माफी मागायला लावायची आणि मग मोठ्या मनानं नाव परत घ्यायचं, असं मी वाटेत ठरवलं. मोठं मन दाखवायची हौस मलाही आहे.

खैरुनबी शेडच्या दारात पोत्याचा पडदा शिवत बसली होती. साठीच्या पुढची, किडकिडीत, नाकात चमकी. थंडी चांगलीच होती.

"ये बेटा. चप्पल तिकडं काढ. चुन्यात पाय दे अन् मंग आत ये."

"चाची, मी भांडायला आले."

"भांडायचं तरी चप्पल काढूनच."

मी चप्पल काढली, चुन्याच्या पाटीत पाय बुडवले आणि आत गेले. आत तिची सून आसिफा जमीन झाडत होती. अळ्या खात असल्या की शेडमध्ये सतत बारीक कुरकुर ऐकू येते. आज काहीच ऐकू येत नव्हतं.

"पाला टाकला न्हाई?" मी विचारलं. "दुपार व्हायला आली."

"झोपल्यात ना त्या."

मी माझा फोन काढला आणि बॅचचं वेळापत्रक तिच्यापुढं धरलं. "हे बघा. आज सहाला अळ्या उठल्या, पावडर मारा. आठला फांद्या टाका. तारखेनं आज सकाळीच उठायला पायजेत."

"मंग उठव की," खैरुनबी म्हणाली. "त्यांला सांग, तारीख झाली म्हणावं."

आसिफानं ओढणी तोंडाला लावली. तिचे खांदे हलत होते.

खैरुनबीनं एक अळी अलगद बोटावर घेतली. "बघ. मान वर करून बसलीय. कातडं ताणलंय, चमकून राह्यलंय. ही अजून कातेत हाय. आता ती कोपऱ्यातली बघ, डोकं मोठं झालंय, रंग मळकट पडलाय, इकडं तिकडं तोंड हलवतीय. ती उठली. शंभरात अशा पाच उठल्या असतील. त्या पाचांसाठी पाला टाकला तर त्या खाऊन पुढं जातात अन् बाकीच्या मागं राहतात. मंग निम्म्या कोष विणायला लागतात अन् निम्म्या खातच बसतात. थंडी हाय बेटा. उद्या फजरपर्यंत, उजाडेपर्यंत उठतील सगळ्या."

"अन् तवर त्या पाच?"

"राहतील उपाशी. रोज्यात मी न्हाई राहत?"

ती बरोबर होती, आणि समोरचा बरोबर असला की माझा राग दुप्पट होतो. "मंग ह्याच्यासाठी खोडलं का तुम्ही? पटलं न्हाई म्हणून?"

"काय खोडलं?"

"कॅलेंडर! तीनदा खोडलंय. तुमच्या नावापुढं तीन लाल खुणा हायेत. जानेवारीच्या बॅचमधून नाव गेलं तुमचं."

तिच्या हातातली अळी तिनं आधी जागेवर ठेवली. मग म्हणाली, "नाव गेलं? कोणी काढलं?"

इथं मी 'मी काढलं' म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "सिस्टमनं."

सरकारी खिडकीतला बाबू 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणतो तेव्हा मी त्याच्या सात पिढ्या उद्धारते. आणि इथं माझ्या तोंडातून बरोबर तसलंच वाक्य निघालं. निघालं ते निघालं. लपवून काय करू?

"पलीकडची तुती तर मी छाटली की सगळी," खैरुनबी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "त्या पाल्याला काय सांगू आता?"

"मंग खोडायचं न्हाई ना चाची."

"अगं पोरी, मला फोन उचलता येतो अन् कापता येतो. तिसरं काय मला येत न्हाई. मी काय खोडंल?"

आसिफा फोन घेऊन पुढं आली. "ताई, आम्ही खरंच हात लावला न्हाई. उलट आमच्याच फोनमध्ये लोकांचं येतंय. हे बघा."

मी कॅलेंडर उघडलं. माझी एकही नोंद नव्हती. त्याच्या जागी होतं: 'पेटी दुरुस्तीला, भजनी मंडळ.' 'ट्रॅक्टर ऑइल.' 'बोकड दाखवणे.' 'प्रभावती, डॉक्टर, सकाळी दहा.' ह्या घरात ना ट्रॅक्टर, ना पेटी, ना बोकड.

"हे कोणाचं?"

"काय म्हाईत. फोन घेतल्यापास्नं येतंय. आम्हाला वाटलं तुमच्या सेंटरचंच असंल, म्हणून काही बोललो न्हाई."

"ती प्रभावती कशी हाय गं?" खैरुनबीनं मध्येच विचारलं. "पंधरा पंधरा दिवसाला डॉक्टरकडं जातीय. दिवस गेलेत वाटतं तिला. मी दुवा मागून राह्यले तिच्यासाठी. तुमच्यातलीच हाय ना?"

मी सेटिंगमध्ये गेले. फोनमधलं खातं कुणाच्या नावाचं आहे ते उघडून पाहिलं. हारुन मोबाईल मंठा, आणि पुढं चार आकडे.

"आसिफा, हे जीमेल कोणी टाकून दिलं?"

"दुकानवाल्यानंच. स्टँडवरच्या. फोन घेतला तवाच चालू करून दिलं."

"पासवर्ड?"

"तो त्याच्याकडंच असंल ना."

अडतीस फोनवर मी बोट दाबलं होतं, आणि खातं कुणाचं आहे ते एकाही फोनवर वाचलं नव्हतं. माझा कोड इमानदारीनं खैरुनबीच्या नोंदी टाकत होता, पण टाकत होता हारुनच्या कॅलेंडरात. ते खातं आणखी ज्या ज्या फोनमध्ये होतं त्या सगळ्यांना त्या दिसत होत्या, आणि त्यातला कुणीही त्या खोडू शकत होता. खोडलं की लाल खूण खैरुनबीला.

"चाची, मी येते परत," मी म्हणाले आणि आसिफाला स्कूटीवर मागं बसवलं.

हारुन दुकानात भिंग लावून एका फोनचं पोट उघडून बसला होता.

"हारुनभाई, हे जीमेल किती फोनमध्ये टाकलंय तुम्ही?"

त्यानं आसिफाच्या हातातल्या फोनकडं पाहिलं. "ये वाला? तीस असतील. चाळीस म्हणा."

"चाळीस माणसांना एकच खातं?"

"मॅडम, बाजाराच्या दिवशी हितं येऊन बघा तुम्ही. नवं खातं काढायचं तर ओटीपी पायजे, जन्मतारीख पायजे, पासवर्ड पायजे. जन्मतारीख विचारली की म्हातारा म्हणतो, मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली. ती कुठं टाकू? पासवर्ड ठेवा म्हणलं की म्हणतो, तूच ठेव बाबा, मी इसरतो. मंग मी माझंच टाकून देतो. फोन चालू झाला ना? गिऱ्हाईक खुश, मी खुश."

"अन् एकाचं दुसऱ्याला दिसतं ते?"

"कोण बघतंय कॅलेंडर?" असं म्हणून त्यानं भिंग डोळ्यावरून वर सरकवलं आणि एकदम तावातावानं बोलायला लागला. "पण बरं झालं आलात. तुम्ही कंप्युटरवाल्या. मला एक सांगा, सकाळी सहाला फांद्या टाका, फांद्या टाका, हे कोण पाठवतंय? मी बी नव्या फोनवर हेच खातं टाकलंय. तीन दिवस दिमाग खराब केला. उडवलं की दुसऱ्या दिवशी परत हजर! कोणत्या तरी फालतू कंपनीची जाहिरात. काल कुठं थांबलं एकदाचं."

"ती फालतू कंपनी मी," मी म्हणाले.

आसिफा इतकी हसली की तिनं काउंटरचा आधार घेतला. मग हारुनला सगळं सांगितलं. खैरुनबीचं नाव निघाल्यावर तो उभा राहिला. "चाचीचं? या अल्ला. मी चाचीचं उडवत होतो?"

"तुम्ही उडवत होता अन् नाव त्यांचं कटत होतं."

"मॅडम, चूक झाली. पण रागावू नका, परवानगी घेताना तुम्ही बी तर बघितलं न्हाई ना, खातं कोणाचं हाय?"

रागावायला मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं. म्हणाले, "आता हिला हिचं खातं काढून द्या. अन् बाकीच्या चाळीसांना बी एकेक करून बोलवा."

आसिफानं तिथंच बसून स्वतःचं नाव टाकलं, स्वतःचा नंबर टाकला. पासवर्डचा रकाना आल्यावर हारुन सवयीनं पुढं वाकला. तिनं फोन छातीशी धरला. "भाईजान, तुम्ही तिकडं बघा जरा." हारुन मुकाट्यानं रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

आसिफाला घरी सोडून मी सेंटरवर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. काका खुर्चीत होते, शेजारच्या खुर्चीत कल्याण चहा पीत होता. यादीत नाव वर आल्यावर माणसाचं बसणंसुद्धा बदलतं. एका पायावर दुसरा पाय, आणि वरचा हलतोय.

"काका, त्या तीन खुणा चुकीच्या हायेत," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

काकांनी ऐकून घेतलं. "बरं. पण यादी तर झाली आता. कल्याणला शब्द दिला मी."

"कल्याणदादांचं शेड कुठंय? पत्रे तर आलेच न्हाईत अजून."

"येतील की," कल्याण म्हणाला. "जानेवारीला उशीर हाय."

"काल बी तेच म्हणले असाल."

"ए वंदे," काका म्हणाले, "आता यादी फिरवली तर लोक म्हणतील, सेंटरवाल्याचा शब्द पक्का न्हाई."

"अन् न्हाई फिरवली तर म्हणतील, मेहुण्यासाठी बाईला काढलं. दोन्हीतलं कोणतं आवडतं ते सांगा."

काकांचा चेहरा लाल झाला. कल्याणचा पाय हलायचा थांबला.

"तूच म्हणली होतीस ना," काका खेकसले, "कोणाची गय न्हाई? मशीन खोटं बोलत न्हाई म्हणली होतीस!"

"मशीन बोललंच न्हाई काही. त्याला एवढंच म्हाईत होतं, की नोंद खोडली. कोणी खोडली ते त्याला दिसतच न्हाई. ते मी मनानं धरलं. चूक माझी. म्हणून तर सांगून राह्यले."

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. राजानंद होता, याच बॅचमधला, पहिल्यांदाच अळ्या घेतलेला. काकांनी स्पीकरवर टाकलं.

"काका, अळ्या लहान-मोठ्या दिसून राह्यल्यात हो. काही खातात, काही नुसत्या बसल्यात."

"पाला कधी टाकला?"

"फोन वाजला तवाच की. बराबर आठला. एक मिनिट इकडं तिकडं न्हाई."

काका माझ्याकडं पाहायला लागले. राजानंदचा फोन ठेवला तर दुसऱ्या घराचा आला. तेच. पावसाळ्यात माझ्या तारखा जुळल्या होत्या, कारण हवा उबदार होती. थंडीत अळी कातेतून उठायला उशीर लावते, हे कोडमध्ये नव्हतं, कारण ते माझ्या डोक्यात नव्हतं. आणि मी दहा घरांना बजावून ठेवलं होतं, फोन वाजला की टाकायचं, डोकं चालवायचं नाही.

"खैरुनबीकडं काय परिस्थिती हाय?" काकांनी विचारलं.

"तिनं टाकलाच न्हाई पाला. सगळ्या बसलेल्या हायेत. म्हणली, उद्या फजरला उठतील."

काका उठले. चष्मा खिशात घातला. कल्याणला म्हणाले, "तू जाय घरी. पत्र्याचं बघ." मला म्हणाले, "सकाळी सातला तयार राह्य."

सकाळी आम्ही दोघं खैरुनबीच्या शेडवर गेलो. काकांनीही चप्पल काढली, चुन्यात पाय दिले. काका वाकून, चष्मा नाकावर ओढून, रॅकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. अळ्या उठल्या होत्या. सगळ्यांची डोकी मोठी, सगळ्यांची तोंडं हलत होती. आसिफा पावडर मारून झाल्यावर फांद्या घेऊन उभी होती. खैरुनबीनं मान हलवली तशी तिनं पहिली फांदी टाकली, मग दुसरी. हळूहळू कुरकुर सुरू झाली आणि शेडभर पसरली.

"एकसारख्या हायेत," काका म्हणाले. वीस वर्षं ह्या धंद्यात घालवलेला माणूस. दुसऱ्याच्या शेडमध्ये उभं राहून तो ह्याहून जास्त कौतुक करत नाही.

मग ते खैरुनबीसमोर येऊन उभे राहिले. "भाभी, जानेवारीला नाव तुमचं राहील. काल गडबड झाली आमची."

"वंदना म्हणली सिस्टमची झाली."

मी म्हणाले, "माझी झाली, चाची. नाव मीच काढलं होतं. अट माझी होती."

खैरुनबीनं माझ्याकडं नीट पाहिलं. "हां. असं म्हण की. मला बी वाटलंच, सिस्टम एवढ्या लांब स्कूटीवर भांडायला येत न्हाई." मग काकांना म्हणाली, "त्या राजानंदला सांगा, घाबरू नको म्हणावं. लहान अन् मोठ्या येगळ्या कर. मोठ्या थंड बाजूला ठेव, लहान उबेला. लहानांना पाला जास्तीचा दे. चार दिवसात गाठतील."

पुढचे दोन दिवस मी राजानंदच्या शेडमध्ये अळ्या निवडत बसले. शिक्षा म्हणून नाही. मला कुणी शिक्षा दिली नव्हती, आणि दिली असती तर मी ऐकलीही नसती. पण ज्या वस्तूसाठी मी सहा महिने कोड लिहीत होते, ती मी हातात कधी घेतलीच नव्हती. पहिल्या दिवशी मला बसलेली आणि उठलेली ओळखू येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राजानंद मलाच विचारायला लागला, "ताई, ही कोणत्यात टाकू?" दहाही घरांच्या बॅचा वाचल्या. कोष थोडे मागंपुढं निघाले, पण निघाले.

मग मी कोडला बसले. लाल खुणेची अट पुसली. आता प्रत्येक घराचं वेगळं कॅलेंडर सेंटरच्या खात्यातून बनतं आणि त्या घराला फक्त पाहायला मिळतं. कुणाचा हात लागून काही खोडलं जात नाही. जांबला जाणारे जांबला जातील, त्यांना अडवणारा कोड अजून निघायचा आहे. पानावर दोन बटणं वाढवली: 'बसल्या' आणि 'उठल्या'. घरच्यांनी अळ्या पाहायच्या आणि बटण दाबायचं. दाबलं की कोड त्या घराच्या पुढच्या सगळ्या नोंदी एकेक करून उचलतो आणि जेवढा उशीर झाला तेवढ्या पुढं सरकवतो. प्रत्येक नोंदीला कॅलेंडर आपला एक क्रमांक देतं, तो मी पहिल्या दिवसापासून जपून ठेवला होता म्हणून हे जमलं. एवढी एक गोष्ट तरी मी सुरुवातीलाच शहाण्यासारखी केली होती.

आणि एक गोष्ट खैरुनबीला न विचारता केली. तिच्या घरातून आसिफानं 'उठल्या' दाबलं की बॅचमधल्या बाकीच्या दहा फोनवर एक नोंद जाते: 'खैरुनबीच्या उठल्या. तुमच्या बघून घ्या.' पाला टाका असं ती नोंद म्हणत नाही. नंतर तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझं नाव काहून टाकलं? लोक उठता बसता मला फोन करून राह्यलेत." पण नाव काढ असं काही म्हणाली नाही.

डिसेंबर संपता संपता काकांनी जानेवारीची बॅच पानावर भरायला घेतली. मी शेजारी बसले होते. यादीत सगळ्यात वर त्यांनी स्वतःच्या दोन बोटांनी खैरुनबीचं नाव टाइप केलं, एकेक अक्षर शोधत. तारीख टाकली बारा. खाली दहा नावं. कल्याण वाट पाहणाऱ्यांत. पत्रे आले होते, पण बसवणारा मिळत नव्हता. मी बटण दाबलं. अकरा घरांच्या नोंदी पडल्या.

दहा मिनिटांत काकांचा फोन वाजला. लावला होता आसिफानं, बोलत होती खैरुनबी.

"बारा कोणी ठरवली?"

"मी ठरवली भाभी. काहून?"

"तुती बघितली का तुम्ही?"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"थंडीनं पाला मागं राह्यलाय. माझाच न्हाई, सगळ्यांचाच. राजानंदला विचारलं, हातभर बी फुटला न्हाई त्याचा. बाराला अळ्या आणून त्यांला काय काड्या खाऊ घालायच्या? सोळाला द्या."

"अहो, अकरा घरांचं वेळापत्रक पडलं आत्ताच! सगळ्यांच्या फोनवर गेलं."

"मंग वंदना काय करती तिथं बसून?"

स्पीकर चालू होता. काकांनी माझ्याकडं पाहिलं. अळ्यांचे अंडीपुंज अजून मागवायचे होते, म्हणजे अडचण काहीच नव्हती, फक्त काकांचा शब्द तेवढा होता.

"फिरवता येतं का गं?"

"येतं."

"सोळा टाक," काका म्हणाले आणि पोराला चहा सांगायला बाहेर गेले, म्हणजे फिरवताना मला पाहावं लागू नये.

मी बाराची सोळा केली, बटण दाबलं. पडद्यावर नोंदी एकेक करून चार दिवस पुढं सरकायला लागल्या, खैरुनबीच्या, राजानंदच्या, मग बाकीच्यांच्या. फोन अजून चालूच होता. पलीकडं आसिफा कुणाला तरी ओरडून सांगत होती, शेळी तुतीत घुसली म्हणून, आणि खैरुनबी तिच्यावर ओरडत होती, की मंग उभी काय राह्यलीस, हाकल की तिला.

"झालं का?" फोनमधून आवाज आला.

"झालं चाची. सोळा."

"बघ बरं नीट. आसिफाच्या फोनवर आली का ती?"

मी थांबले. पलीकडं फोनची टिंग वाजलेली मला ऐकू आली.

"आली," खैरुनबी म्हणाली आणि तिला येणाऱ्या दोन गोष्टींतली दुसरी केली, फोन कापला.